दिवे नसलेलं मैदान

ही गोष्ट खरी आहे. कुणाला पटवायचा माझा हट्ट नाही. पण ती माझ्या मावसबहिणीच्या, ममताच्या घरात घडली, आणि तिचं शेपूट मी स्वतःच्या कानांनी ऐकलंय.

साल दोन हजार सहा. महिना जून, म्हणजे इकडचा ऐन हिवाळा. जागा मनुरेवातलं एक भाड्याचं घर, ऑकलंडच्या दक्षिणेला.

रात्र मात्र नाही.

जे यायचं ते दुपारी यायचं... लख्ख उजेडात. अंधार पडला की जायचं.

ममता हॉस्पिटलात नर्स. नवरा मकरंद कंप्युटरवाला. उर्मिलामावशी गेली आणि ममताने वडिलांना, जनार्दनकाकांना, कराडहून इकडे आणलं. सहा महिने राहतील, माणसांत येतील, एवढीच तिची आशा.

पण काका माणसांत आले नाहीत. मावशी जाताना त्यांचं बोलणंही पदरात बांधून घेऊन गेली होती जणू. विचारलं तर हो, नाही. वाढलं तर खायचं. बाकी खिडकीबाहेर नजर.

मग त्यांना गॅरेज सापडलं.

गॅरेजचं दार उत्तरेला. इकडे सूर्य उत्तरेकडून फिरतो, त्यामुळे हिवाळ्याचं सगळं ऊन तिथंच सांडायचं. आणि त्या उन्हात, सिमेंटच्या जमिनीत बोल्टने आवळलेल्या दोन खुर्च्या होत्या. बिडाची चौकट, हिरव्या लाकडी पट्ट्या, मधे एकच सामायिक हात. थिएटरसारख्या. बसलं की खाली, उठलं की आपोआप वर.

खट्.

"आधीच्या भाडेकरूच्या आहेत. घरमालक म्हणतो, काढायच्या नाहीत," मकरंदने सांगितलं होतं.

काका रोज जेवून तिथं जाऊन बसू लागले. ममताला बरंच वाटलं. म्हातारं माणूस उन्हात बसतंय, आणखी काय हवं?

एक दिवस ती चहा घेऊन गेली.

काका एका खुर्चीत होते.

शेजारची खुर्ची... खाली होती.

रिकामी. तरीही खाली.

स्प्रिंग गेली असेल, असं म्हणून तिनं कप त्या खुर्चीवर ठेवायला हात पुढे केला.

"तिथं नको, ममे," काका म्हणाले. "बसलेत."

"कोण बसलंय, बाबा?"

"शेजारचे."

ती हसली. कितीतरी दिवसांनी त्यांनी आपणहून दोन शब्द काढले होते. हसतानाच तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

त्यानंतर काका बोलायला लागले... पण भलतंच.

"मॅच रंगलीय," ते जेवताना म्हणाले.

क्रिकेट लागलं की उठून अंगणात जाणारा हा माणूस. मकरंद खुशीत आला. "कुणाची मॅच, बाबा?"

"क्रिकेट नव्हे. तो दुसरा. चौकोनात पळतात तो."

"बेसबॉल?"

"असेल. मैदान मात्र झकास. उजवीकडे चढ आहे, खाली ओढा बुजवलाय म्हणून. चेंडूमागे धावणारा टेकाडावर धावतो बिचारा. विटांच्या भिंतीपलीकडनं मालगाडी जाते. आणि फळ्यावरचे आकडे एक माणूस हातानं लावतो. खोक्यात बसलेला असतो. नुसता हात बाहेर येतो त्याचा."

मकरंदने ममताकडे पाहिलं. घरात टीव्हीवर कुणी कधी बेसबॉल लावला नव्हता.

दुसऱ्या दिवशी ममताने कुंपणापलीकडच्या मेरीबाईंना गाठलं. मेरीबाई माओरी, त्या गल्लीतल्या सगळ्यात जुन्या.

"किया ओरा, डिअर. वॉल्टरच्या खुर्च्या ना त्या? अमेरिकन होता. त्याच्या गावचं बेसबॉलचं स्टेडियम पाडलं तेव्हा खुर्च्या विकायला काढल्या होत्या. त्यानं दोन घेतल्या, बोटीनं मागवल्या."

"दोन कशाला? एकटाच होता ना?"

"मीही तेच विचारलं होतं. म्हणाला, मॅच एकट्यानं बघायची नसते."

"आता कुठं असतो?"

मेरीबाईंनी गॅरेजकडे पाहिलं.

"तिथंच गेला," त्या म्हणाल्या. "ऊन खात बसल्या बसल्या."

मकरंदने ऑफिसातल्या इंटरनेटवर ते स्टेडियम शोधून काढलं. जुना, करडा फोटो. विटांची भिंत. पलीकडे रूळ. लाकडी फळा, आणि त्याच्या चौकोनी भोकातून बाहेर आलेला एक हात. उजवीकडचं मैदान... चढाचं.

खाली लिहिलं होतं की आसपासच्या लोकांनी हरकत घेतल्यामुळे या मैदानावर शेवटपर्यंत दिवे बसवले गेले नाहीत. सगळे सामने दिवसाउजेडी. अंधारलं की खेळ थांबायचा, आणि दुसऱ्या दिवशी तिथूनच पुढे सुरू व्हायचा.

ममताने फोटो काकांना दाखवला नाही. नुसतं विचारलं, "बाबा, तुमची मॅच संपत कशी नाही?"

"बरोबरी झालीय. या खेळात बरोबरीवर सोडत नाहीत. कुणीतरी जिंकेपर्यंत खेळायचं. त्यात रोज अंधार आडवा येतो."

"आणि संपली की?"

"संपली की सगळे उठतात. सगळे एकदमच निघतात." काकांनी चहाचा घोट घेतला. "शेजारचे म्हणाले, तुम्हीही आमच्याबरोबरच चला. गर्दीत चुकायला नको."

ममताने त्याच संध्याकाळी डॉक्टरची वेळ घेतली.

तिनं काय नाही केलं? डॉक्टरकडे नेलं. हृदय ठीक, रक्त ठीक, डोकं ठीक. परतीचं तिकीट बघितलं, तर काका म्हणाले, मधेच कसा उठू?

शेवटी तिनं गॅरेजला कुलूप घातलं.

दुपारी ड्युटीवरून आली तर काका बंद दारासमोर उभे. पाऊस पडत होता. बंडी अंगाला चिकटलेली. ओरडत नव्हते, रडत नव्हते. दाराला कान लावून ऐकत होते.

"ममे," ते म्हणाले, "ओरडतायत बघ लोक. मला दिसत नाहीये."

तिनं कुलूप काढलं. दुसरं काय करणार होती?

तेव्हापासून तिला एकच आधार उरला. अंधार.

जूनमध्ये इकडे दिवस लवकर मावळतो. ती कामावरून धावत यायची, उन्हाची तिरीप भिंतीवरून सरकताना बघत दारात उभी राहायची. उर्मिलामावशी दळताना एक ओवी म्हणायची, तीच तिच्या ओठांवर यायची,

बापाच्या सावलीला लेक बसे घडीभर,
ऊन कललं गं बाई, सावली गेली दूर.

मावशी तेव्हा ऊन धरून ठेवायला बघायची. लेक आता ऊन ढकलत होती.

तिरीप विझायची. शेजारची खुर्ची वर जायची... खट्. मग काका उठायचे. "उद्या," म्हणायचे. ती त्यांचा हात धरून घरात आणायची. एक दिवस मिळाला.

असे पुष्कळ दिवस मिळाले.

मग एका संध्याकाळी काका गॅरेजच्या अंधारात दाताळ्याला अडखळले. गुडघा खरचटला. तिनं पट्टी बांधली, आणि मकरंद हळहळला.

मकरंद वाईट माणूस नाही. ममताचं सगळं त्यानं ऐकून घेतलं होतं, पण त्याला ते बाबांचं एकटेपण वाटायचं. गुडघा फुटलेला मात्र त्याला डोळ्यांनी दिसला होता.

दुसऱ्या दिवशी ममता ड्युटीवर असताना त्यानं गॅरेजमध्ये ट्यूब लावली.

ती घरी यायला निघाली तेव्हा दिवस बुडाला होता. आज उशीर झाला खरा, पण बाबा केव्हाच आत गेले असतील, असं तिला वाटलं. तिनं गाडी गल्लीत वळवली...

गॅरेजच्या उघड्या दारातून पांढराफेक उजेड रस्त्यावर पडला होता.

ती गाडीतून उतरली. दारही लावलं नाही.

आणि तेव्हा तिला ऐकू आलं.

खट्.

खट् खट्.

मग शेकडो. हजारो. ओळीमागून ओळ. जत्रा फुटावी तसा उठणाऱ्या खुर्च्यांचा आवाज... आणि गॅरेजात खुर्च्या फक्त दोन.

"बाबा," तिनं हाक मारली. "बाबा, थांबा."

आवाज तिच्या अंगावरून रस्त्याकडे गेला. आणि शांत झालं.

काका खुर्चीपाशी जमिनीवर बसले होते. पाठ टेकलेली. तोंडावर लांबचा प्रवास करून घरी पोचलेल्या माणसाचं समाधान. दोन्ही खुर्च्या वर.

ममता नर्स. तिनं छातीवर दाब दिला, श्वास दिला, अँब्युलन्स येईपर्यंत थांबली नाही. इतक्या माणसांना परत आणलेले तिचे हात. ते हात दुखून आले, एवढंच.

मकरंद घरातून धावत आला, आणि ट्यूबखाली नुसता उभा राहिला. "त्यांनी थँक यू म्हटलं गं मला," तो पुन्हा पुन्हा सांगत होता. "म्हणाले, आता अंधाराची अडचण नाही."

ममताने त्याला एका शब्दानं दोष दिला नाही. आजवर दिलेला नाही.

काकांचे दिवस झाल्यावर मी ऑकलंडमधल्याच सँडरिंगहॅमहून त्यांच्याकडे गेले. ट्यूब काढलेली होती, छतातून दोन वायरी लोंबत होत्या. वाटलं, खुर्च्याही काढल्या असतील.

दुपारचं ऊन होतं. ममता प्लॅस्टिकच्या स्टुलावर बसली होती.

तिच्या पुढ्यातल्या दोन्ही खुर्च्या... खाली होत्या.

"ममता, चल आत," मी म्हटलं.

"बस ना. अंधार पडला की जातात." ती हळूच बोलली, झोपलेल्याची झोप मोडू नये तशी. "एक मॅच संपली म्हणून काय झालं? सीझन मोठा असतो."

मी बसले नाही. तिचा हात धरून ओढावं असं मनात आलं. तेही जमलं नाही.

परवा शनिवारी दुपारी तिला फोन केला. इकडचं तिकडचं बोलत होतो. घर बदलताय का, मी विचारलं. नाही म्हणाली. मकरंद इंटरनेटवर काहीतरी शोधतोय तिच्यासाठी, म्हणाली.

तेवढ्यात तिच्या आवाजामागे ऐकू आलं...

खट्.

"कशावर बसलीयेस तू?" मी विचारलं.

"स्टुलावरच," ममता म्हणाली. "तिसरी खुर्ची अजून मिळाली नाही."