धूर संपेपर्यंत बोलायचं नाही

बस गं. निघायला अजून अवकाश आहे. तुझे काका आत बॅटऱ्यांशी झटापट करताहेत, त्यात ही वीज गेली, म्हणजे आता त्यांचं तोंड वाकडं असणार. हा कॅमेऱ्यावरचा दिवा इथे टेबलावर ठेवते. डोळ्यांवर येत असेल तर भिंतीकडे फिरव.

तर तुला आमच्याबरोबर यायचंय. नवा कॅमेरा घेतलास, छान केलंस. पण गाडीत बसण्याआधी माझं एक ऐकून घे. काकांसमोर हा विषय मी काढत नाही.

आमचा उद्योग तुला ठाऊक आहेच. डोंगरातल्या जुन्या मार्गावर हौशी लोकांसाठी वाफेचं इंजिन सोडतात. ते एका वळणावर टिपायचं, कॅमेऱ्याचं तिकाटणं गुंडाळायचं, गाडीत उड्या टाकायच्या आणि रस्त्याने त्याच्या पुढे जाऊन पुढच्या पुलावर पुन्हा टिपायचं. गाडी मी चालवते. ह्यांच्या हातात स्टिअरिंग दिलं की ह्यांची मान रुळांकडे. एकदा एका गृहस्थाच्या भाजीच्या वाफ्यात नेऊन घातली होती, आणि वर त्यांनाच विचारत होते, "इंजिन गेलं का हो इथून?"

आमच्यात नियम एकच. कॅमेरा सुरू झाला की तोंड बंद. शिंक आली तरी गिळायची. इंजिन गेल्यावरही लगेच बोलायचं नाही, कारण मागे राहणारा धूर ह्यांना अख्खा हवा असतो, अगदी विरेपर्यंत, आणि त्या धुरात ओढ्याचा, पाखरांचा आवाज. इतक्या वर्षांत मला त्याची अशी सवय लागलीय की लग्नाच्या कॅसेटसमोरसुद्धा मी गप्प बसते.

आणि दुसरं म्हणजे डिझेलचं वावडं. चढावर पुष्कळदा गाडीच्या शेपटीला डिझेल इंजिन जोडतात, मागून रेटायला. ते चौकटीत आलं की ह्यांच्या मते सगळं नासलं. म्हणून शेवटचा डबा जवळ आला की हे कॅमेरा बंद करतात आणि चक्क पाठ फिरवून उभे राहतात. पाहुणा नावडता असला की माणूस आत जाऊन झोपल्याचं सोंग घेतो ना, तसं.

त्या दिवशी हेच नडलं.

थंडीतली सकाळ होती. उजाडलं होतं, पण धुकं एवढं की आपलाच हात आपल्याला परका वाटावा. आम्ही बोगद्याच्या खालच्या तोंडाशी उभे होतो. दोन्ही बाजूंना कापलेला काळा खडक, त्याला शेवाळ, वरून पाणी ठिबकतंय. रुळांच्या कडेने सिग्नलची तार खांबाखांबावरच्या चाकांतून गेलेली. तोंडाशीच तो जुना, हात असलेला सिग्नल. हात आडवा होता.

इंजिन आलं ते आधी पायांना कळलं. मग धाप लागलेल्या म्हाताऱ्यासारखा तो आवाज, मग धुक्यात पिवळा डोळा, आणि मग सगळं एकदम अंगावर. कोळशाचा वास, ओली वाफ, तापलेलं तेल. हे कॅमेऱ्यामागे वाकलेले, डोळ्यांत पाणी. दर वेळी येतं हो, मुलीच्या पाठवणीला आलं नव्हतं एवढं. डबे गेले. शेवटचा डबा आला तसा ह्यांनी कॅमेरा बंद केला आणि पाठ करून तिकाटणं उचलायला लागले. त्या गदारोळात मागचं डिझेल गुरगुरत आत शिरलं, ते मी पाहिलं. ह्यांनी नाही. आणि मला त्यात सांगण्यासारखं काय वाटणार? डिझेलचं नाव काढलं तर चिडतील, म्हणून मी तोंड मिटून राहिले.

मग ह्यांच्या डोक्यात कल्पना आली. बोगद्याच्या पलीकडे वरचं स्टेशन. तिथे इंजिन पाणी भरायला थांबतं. रस्त्याने जायचं तर अख्ख्या डोंगराला वळसा, तोवर गाडी सुटणार. पण बोगद्यातून चालत गेलं, तर वरच्या कमानीच्या चौकटीत इंजिन सुटताना सापडेल.

"आत जायचं नाही हं," मी म्हणाले.

"अगं, दिवसाला एकच गाडी आहे. ती वर गेली. आता रूळ म्हणजे आपलं अंगण."

"अंगणात एवढा अंधार असतो होय?"

"तू इथेच थांब. हा दुसरा कॅमेरा लावून ठेवतोय, तोंडातून धूर कसा निघतो ते येऊ दे त्यात. पूर्ण संपेपर्यंत. आणि हे बघ... हूं की चूं नको."

लाल ठिपका लागला. हे हातातला कॅमेरा सुरू करून धुरात शिरले. आधी पाय दिसेनासे झाले, मग पाठ, मग टोपी. खडीवरची पावलं ऐकू येत होती, तीही हळूहळू पाण्याच्या ठिबकण्यात मिसळून गेली. मी स्वेटरच्या बाह्या ओढून कॅमेऱ्याच्या मागे उभी.

धूर काही संपेना. संथ, जाड, जमिनीलगत पसरत येत होता. पाखरंसुद्धा बोलत नव्हती. मला उगाच वाटत राहिलं की ह्यांचा तो नियम त्या डोंगराला पण लागू आहे.

आणि तेवढ्यात तार हलली.

आधी एक चाक कुरकुरलं. मग दुसरं. कर्र... कर्र... असं एकेक खांब करत तो आवाज माझ्या दिशेने आला, माझ्या पायाजवळून गेला, आणि खाडकन सिग्नल पडला.

हात खाली आला, पोरी. सिग्नल पडला म्हणजे गाडी येणार, हे ह्यांनीच मला शिकवलेलं. पण खालून कोण येणार? एकच तर गाडी. आणि हा सिग्नल तर वरून उतरणाऱ्यांसाठी. वरून काय उतरणार?

तेव्हा डोक्यात लख्ख प्रकाश पडला. डिझेल. चढ संपला, त्याचं काम झालं. आता ते सोडून देणार, आणि ते एकटं, रिकामं, उतारावरून आपसूक खाली घरंगळत येणार. ना धाप, ना धूर. आणि तुझे काका त्या धुरात, दोन रुळांच्या मधोमध.

मी तोंड उघडलं. अगं, तोंड उघडलं आणि आवाजच नाही! घसा असा आवळला की नुसती हवा. दोन्ही हात गळ्यावर धरले, पुन्हा जोर केला. पुन्हा हवा. पाय तर खडीत रुतल्यासारखे. इतक्या वर्षांची ती गप्प राहण्याची सवय की भीती, कोण जाणे. देवाला मनात म्हटलं, माझा आवाज जन्माचा घे, पण आत्ता एक हाक मारू दे.

नाही फुटली हाक. शपथेवर सांगते, नाही फुटली.

आणि धुरातून टोपी बाहेर आली. मग पाठोपाठ हे, लालबुंद, तरातरा चालत.

"काय आरडाओरडा चालवलाय! एकदा सांगितलं तर समजत नाही? शॉट चालू असताना कुणी हाका मारतं का? सगळा घालवलास! एवढं काय आभाळ कोसळलं होतं?"

मी पुढे झाले, ह्यांचं मनगट धरलं आणि रुळांवरून ओढून बाजूला घेतलं. हे अजून बोलतच होते, बोट नाचवत, रुळांकडे पाठ. तेवढ्यात बोगद्यातून गार वाऱ्याचा लोट आला, धूर भसकन बाहेर फेकला गेला, आणि ते धूड आमच्या बाजूने सरकत गेलं. जवळजवळ निःशब्द. चाकांची तेवढी हलकी घरघर. चालकाने आम्हाला बघून खुशाल हात हलवला. त्या बिचाऱ्याला काय ठाऊक!

ह्यांचं बोट हवेतच राहिलं.

"मी..." हे म्हणाले, "मी मधोमध चाललो होतो. कडेला चिखल होता म्हणून."

मग खाली दगडावरच बसले. आणि मी, उघड्यावर, भर दिवसा, नवऱ्याला मिठी मारली. रडले, हसले, पाठीत दोन धपाटे घातले. आता आवाज छान फुटत होता! जेवढे ठेवणीतले शब्द होते तेवढे ह्यांना ऐकवले. हे मधूनमधून माझा हात घट्ट धरत होते. एवढं हलकं मला आयुष्यात कधी वाटलं नाही. परतताना टपरीवर ह्यांनी चहा मागवला, आणि त्या चहावाल्यालासुद्धा सांगितलं, "आज आमच्या बायकोने वाचवलं."

मी मनात म्हटलं, मारलीही असेल हाक. भीतीत माणसाला कुठे भान असतं?

संध्याकाळी लॉजच्या खोलीत हे पलंगावर बसून दिवसभराचं बघायला लागले. आधी बोगद्याच्या तोंडाशी लावलेला कॅमेरा. धूर. ठिबकणं. तारेची कर्र कर्र. सिग्नलचा खाडकन आवाज. मग माझा श्वास... फुस्स, फुस्स, फुटक्या भात्यासारखा. बस्स. शब्द नाही. कॅमेऱ्याच्या मागे हातभर अंतरावर मी उभी, आणि एकसुद्धा शब्द नाही.

हे माझ्याकडे बघायला लागले. मी ह्यांच्याकडे.

"माझ्यातलं बघू," हे म्हणाले.

ह्यांच्या हातातल्या कॅमेऱ्यात नुसता काळोख. पावलं. ह्यांचं ते गुणगुणणं, तीच ती एक चाल. आणि मग...

"अहो... परत या. अहो, ऐकलंत का... परत या."

माझा आवाज, गं. 'अहो'तल्या 'हो'वर मी जो हेल काढते ना, ज्यावरून तुम्ही पोरं माझी नक्कल करता, अगदी तोच. पावलं थांबली. हे वैतागून पुटपुटले. मग कॅमेरा गर्रकन मागे वळला. लांबवर बोगद्याचं तोंड, धुरात फिकट झालेलं, आणि त्यात मी. एवढीशी. दोन्ही हात गळ्याशी. तोंड उघडं, आणि गप्प.

आणि तेव्हा पुन्हा आला तो आवाज. बोगद्याच्या तोंडाकडून नाही. कॅमेऱ्याच्या शेजारून, ह्यांच्या खांद्यापाशी असावा इतका जवळून. हळू, समजुतीचा.

"हं... आता निघा."

ह्यांनी कॅमेरा बंद केला. त्या रात्री आम्ही दोघं दिवा चालू ठेवून झोपलो. म्हणजे, पडलो.

कुत्र्याने जांभई दिली तरी त्याचा व्हिडिओ टाकणारा हा माणूस, पण तो काही ह्यांनी कुठे टाकला नाही. पुसलाही नाही. एकदा मीच म्हटलं, पुसून टाका ना. तर म्हणाले, "ज्याने जीव वाचवला त्याचा आवाज पुसतात का?" खरंय. मीही मनातल्या मनात म्हणते, जी कोण असशील ती, माझा आवाज घे, वापर, काही म्हणणं नाही. माझा माणूस तू परत दिलास.

घाबरलीस? नको घाबरू. त्यात वाईट काही नाही. फक्त एवढंच की ते तिथेच, त्या बोगद्यात राहिलं असं आम्हाला वाटलं होतं.

मध्यंतरी हे पंखा पुसायला स्टुलावर चढले होते. मी मागे अंगणात कपडे वाळत घालत होते. हे उतरून माझ्यामागे येऊन उभे. "हाक मारलीस?" मी म्हटलं, नाही बाई. परत आत गेलो, तर स्टूल आडवं पडलेलं, पाय मुळापासून निखळलेला. कोणी धक्का लावला नव्हता. घरात दुसरं होतंच कोण?

तेव्हापासून मी ठरवून टाकलंय. हे विचारत आले की मी 'नाही' म्हणत नाही. त्यांना दर वेळी कळायला नको, उगीच हाय खातील. मी आपली 'हो' म्हणते आणि हातातलं काम सोडायला लावते. एवढाच नियम. आमच्याबरोबर येणार असशील तर तुलाही तो पाळावा लागेल, म्हणून सांगून ठेवलं. घाटाचा रस्ता आहे, आणि तू सोबत...

थांब. आले वाटतं. दिवा जरा इकडे कर.

काय हो? झाल्या बॅटऱ्या? किल्ली कशाला घेतलीत आत्ताच?

"अगं, मी गाडी बाहेर काढायलाच निघालो होतो. तू हाक मारलीस ना?"

...

तू इथेच बसलीयेस, पोरी, जरा कान इकडे कर. तू ऐकलीस का? नुसती मान हलव. नाही ना? बरं. हात दे इकडे माझ्या हातात.

हो, मीच मारली. ती किल्ली ठेवा बघू टेबलावर. बूट काढा. बसा इथे, आमच्या दोघींच्या मध्ये. आज कुठे जायचं नाही.