पाणी कुठे मुरतं

शहराच्या पावसाळी गटारांचा नवा नकाशा करायचा होता आणि ते काम एका बहीण-भावाच्या जोडीकडे आलं होतं. भाऊ खाली उतरायचा आणि टेप धरून आकडे ओरडायचा. बहीण वर यंत्राला डोळा लावून उतार टिपायची. दोन बोटांचा फरक पडला तरी ती पुन्हा मोजायला लावायची, म्हणून दादाने तिचं नाव फूटपट्टी ठेवलं. बघता बघता अख्खं खातं तिला त्याच नावाने हाक मारू लागलं. काम वासाचं होतं, कंटाळवाणं होतं, पण तिला आवडायचं. माणसं काय, हजार थापा मारतात. पाणी उतार असेल तिकडेच जातं आणि शेवटी नदीला मिळतं.

छापखान्यामागच्या गल्लीतलं चेंबर मात्र काही केल्या नकाशात बसेना. तीन बाजूंनी पाईप आत येत होते आणि बाहेर जाणारा एकही नव्हता. तरी ते कधी तुंबल्याचं कोणाला आठवत नव्हतं.

"कुठेतरी पाणी मुरतंय," त्यांच्याबरोबरचा मुकादम म्हणाला आणि तिघंही हसली.

"बघूनच येतो कुठे मुरतंय ते." दादाने हसत हसत कमरेला दोर बांधला आणि खाली उतरला.

दोर वर आला तो मोकळाच. तुटला नव्हता, कापलेला नव्हता; गाठ कोणीतरी सावकाश सोडली होती. खाली गुडघाभर पाणी होतं आणि दोर टोकापर्यंत कोरडा ठणठणीत होता.

अग्निशमन दलाची माणसं उतरली. त्यांनी पाणी उपसलं, भिंती ठोकल्या, तळ खणून पाहिला. पाईप इतके अरुंद की मांजरही अडकून बसावं. माणूस नव्हता. खात्याच्या साहेबांना खरंच वाईट वाटलं. पण आणखी कोणाचा जीव जायला नको म्हणून चेंबर काँक्रीटने भरून टाकायचा हुकूम त्यांनी काढला.

पाणी बाहेर जातं म्हणजे वाट आहे, आणि वाट आहे म्हणजे दादा त्या वाटेवर कुठेतरी आहे, एवढं एकच फूटपट्टीने धरून ठेवलं. तिने चेंबरमध्ये बादल्या भरभरून लाल रंग ओतला आणि नदीकाठी गटाराच्या प्रत्येक तोंडाशी मुकादमाने माणूस उभा केला. रंग चेंबरमधून नाहीसा झाला, पण नदीला पोचला नाही. तिने पुन्हा ओतला. पुन्हा तेच.

संध्याकाळी ती वहिनीकडे गेली. दादाचं घर टेकडीवर, अगदी वरच्या अंगाला. तिच्या नकाशात त्याहून उंच खूण नव्हती.

"मोरीतून पाणी वर येतंय गं," वहिनी म्हणाली. "लालसर."

फूटपट्टीने मोरीकडे पाहिलं. क्षणभरच. मग तिने आयुष्यभर जे मोजलं होतं तेच तोंडातून आलं. "पाईप गंजलाय, वहिनी. पाणी काय चढ चढतं होय?"

दुसऱ्या दिवशी काँक्रीटची गाडी गल्लीत आली तेव्हा ती चेंबरच्या झाकणावर मांडी ठोकून बसली होती.

"उठा हो," साहेब म्हणाले. "तुमचं दुःख कळतं मला. पण असं बसून तो परत येणार आहे का?"

"वाट सापडू दे. मग काय हवं ते करा."

"अजून किती शोधणार?"

मुकादम तिच्या शेजारी उकिडवा बसला. ड्रायव्हरने दोनदा हॉर्न वाजवला. ती दोन्ही तळवे लोखंडावर दाबून रडत होती, लाजलज्जा सोडून, भर गल्लीत.

तेवढ्यात फोन वाजला. वहिनी हसत होती की रडत होती, कळेना.

"आलेत गं! घरी आलेत! केव्हाचे अंघोळ करतायत, बाहेर यायचं नाव नाही. थांब, दाराशी धरते फोन."

पाण्याचा आवाज आला. तांब्यामागून तांब्या. मग दादा बोलला. आवाज त्याचाच होता, जरा घुमत होता, मोरीत घुमतो तसा.

"फूटपट्टे, ऊठ तिथून."

ती उठली. मुकादमाने तिला धरलं आणि ती त्याच्या खांद्यावर डोकं टेकून हसायला लागली. "घरी आहे," ती साहेबांना म्हणाली. "घरी आहे तो. ओता तुम्ही. खुशाल ओता."

झाकण निघालं, पन्हळ लागलं. पहिला लोट खाली पडताना तिने ऐकला आणि वळून टेकडीची वाट धरली. चढ तिला जाणवलाही नाही.

वहिनीने पान वाढून ठेवलं होतं. केस विंचरले होते.

"कुठे आहे?"

"मोरीतच. मघाशी टॉवेल मागितला, दिला फटीतून. हात किती गार पडलाय गं त्यांचा."

"आला कधी? दार कोणी उघडलं?"

"दार कशाला?" वहिनी गोंधळली. "आतूनच हाक मारली की त्यांनी."

फूटपट्टी मोरीच्या दाराकडे पाहत राहिली. आत पाण्याचा आवाज नव्हता.

"दादा?"

तिने दारावर थाप मारली.

"आत्तापर्यंत बोलत होते," वहिनी म्हणाली. "मग नुसतंच, थांबवा, थांबवा. मी म्हटलं, काय थांबवू? मग गप्पच झाले."

फूटपट्टीने दार ढकललं. ते आत जाईना. तिने खांदा लावला आणि ते चारच बोटं सरकलं.

मोरी कमरेइतकी भरली होती. राखाडी, ओलं, कोणीतरी थापीने सारखं करावं इतकं सपाट. फटीतून वाफ तोंडावर आली.

मधोमध टॉवेलचं टोक वर राहिलं होतं.

ती बघत असतानाच ते थोडं आत ओढलं गेलं. थांबलं. पुन्हा थोडं.