शॉकपला लागलेल्या मुंग्या

पैज लागली रविवारी सकाळी, आणि तीसुद्धा गटाराची.

सत्त्याऐंशी सालची गोष्ट. दिवाळी होऊन महिना झाला होता. अंबरनाथ पूर्वेच्या त्या सोसायटीत तेव्हा दोनच फियाट. एक हेमचंद्रची, एक चिंतामणीची. दोन्ही सारख्याच म्हाताऱ्या. गेटातला खड्डा आला की दोघी वॉचमनला वाकून नमस्कार करायच्या, आणि करतच राहायच्या. कारण एकच. पुढचे शॉकप बसलेले. 'शॉक अॅब्सॉर्बर' एवढं लांब नाव घ्यायला तिथे कुणाला वेळ नव्हता.

हेमचंद्रला मात्र आता घाई होती. त्याच्या बायकोला, नीलिमाला, सातवा लागला होता. आधीचं एक पोटातच गेलेलं. कल्याणच्या डॉक्टरांनी बजावलं होतं, झोपून राहा, आणि तपासायला याल तेव्हा धक्का नको. रिक्षा तर अजिबात नको.

म्हणून शनिवारी शिवराम त्याला उल्हासनगरला, कॅम्प पाचमधल्या गोपालदासच्या दुकानात घेऊन गेला होता. शिवराम कारखान्यात तपासणी विभागात अधिकारी, वय पंचेचाळीस, आणि अंगात मस्ती पंधरा वर्षांच्या पोराची. सोसायटीच्या चेअरमनच्या दारावर 'खोली भाड्याने देणे' अशी पाटी लावून त्याच्याकडे अठरा बिऱ्हाडं पाठवणारा माणूस तो.

गोपालदासने काउंटरवर तीन जोड मांडले होते.

"साईं, ये कंपनी का. लेगा तो जेब का शॉकप बैठेगा. ये रिपेअरवाला, पुराना माल, नया पेंट. लेगा तो कमर का बैठेगा. बीचवाला ले. लोकल है, पण नवा है. गॅरंटी मैं देता."

मधला जोड घेतला. गोपालदासने दोन्हीच्या बुडाला खिळ्याने सिंधी अक्षर कोरलं.

"हे कशाला?" हेमचंद्रने विचारलं.

"गॅरंटी में लोग दुसरे का माल ले के आते हैं, साईं. मेरा माल मेरे को पहचानना मांगता."

मग त्याने खोक्याला कागदी पट्टी चिकटवली. हेमचंद्रला तिथूनच बदलापूरला सासुरवाडीला जायचं होतं, नीलिमाला लोकलने सावकाश आणायला. शिवराम खोकं घेऊन सोसायटीत पोचला आणि ते जिन्याखाली ठेवायला निघाला, तेव्हा चिंतामणी खालीच उभा होता.

"माझ्याकडे ठेवा. जिन्याखाली ठेवाल तर चोरीला जाईल," तो म्हणाला.

आता रविवारी सोमा मेकॅनिक हेमचंद्रच्या गाडीखाली झोपून शॉकप बसवत होता, आणि अर्धी सोसायटी चहाचे कप घेऊन भोवती उभी होती. चिंतामणी सगळ्यात पुढे. रसायनांच्या कारखान्यात खरेदी अधिकारी. त्यामुळे जगातल्या प्रत्येक वस्तूचा भाव आपल्यालाच कळतो अशी त्याची खात्री.

"उल्हासनगरचा माल," तो म्हणाला. "गाडी नाचणार. लिहून घ्या."

"का नाचेल?" शिवरामने विचारलं. "नवा आहे."

"नवा म्हणे. मी माझे जुनेच रिपेअर करून घेतले गेल्या महिन्यात. डोकं चालवलं की अर्ध्या पैशात होतं."

वरच्या गॅलरीतून त्याची बायको ओरडली, "अहो, माझा डबा सापडला का? दिवाळीपासून शोधतेय. गॅलरीत ठेवलेला कुणी नेला?"

"भंगारवाल्याने नेला असेल," चिंतामणी मान वर न करता म्हणाला.

चिंतामणीच्या बायकोला, पद्मजावहिनींना, सोसायटीत मान होता. दिवाळीला ऑर्डरचे अनारसे करायच्या. सोवळ्यात, साजूक तुपातले. भाव चढा, पण लोक घ्यायचे. नीलिमाच्या डोहाळजेवणालाही तेच आले होते.

"पैज लावता?" शिवराम म्हणाला. "बंपर दाबून सोडायचा. शॉकप धड असेल तर गाडी वर येऊन थांबते. गोपालदासचे शॉकप ज्या गाडीला, ती गाडी दोनदाच्या वर डुलली तर मी हरलो."

"हरलात तर?"

"तुम्ही सांगा."

चिंतामणीने कंपाउंडच्या कडेच्या तुंबलेल्या गटाराकडे पाहिलं. मग शिवरामकडे पाहून हसला.

"गटार उपसा. तुम्हाला काय, जमेल."

दोघा-तिघांना एकदम स्वतःच्या चपला बघाव्याशा वाटल्या. हाच चिंतामणी शिवरामच्या घरी कधी आला तर त्याचा हमखास उपास असायचा. पाण्याचासुद्धा.

शिवराम हसत होता, पण डोळे हसत नव्हते. "चालेल. पुढच्या रविवारी, सगळ्यांसमोर. आणि हरलात तुम्ही, तर तुम्ही."

"कबूल."

सोमा बाहेर आला. त्याचे हात कोपरापर्यंत काळे झाले होते. शिवरामने बंपर दाबून सोडला.

गाडी खाली गेली, वर आली, परत गेली, परत आली, आणि नाचतच राहिली. चिंतामणीने मोठ्याने मोजायला सुरुवात केली. सहानंतर लोकांनीच त्याला थांबवलं.

"बसेल थोड्या वेळात," हेमचंद्र कसनुसा म्हणाला. कल्याणच्या फेरीआधी बघून घ्यावं म्हणून त्याने नीलिमाला बसवलं आणि देवळापर्यंत हळू एक चक्कर मारून आणली. परत आली तेव्हा नीलिमा पांढरी पडली होती. एक हात पोटावर, एक हात दाराच्या मुठीवर. तिला उचलूनच वर न्यावं लागलं.

संध्याकाळी डॉक्टर घरी येऊन गेले. बाळ ठीक होतं. पण हलायचं नाही, म्हणाले, आणि पुढच्या सोमवारी कल्याणला आणाच, पुढचा धक्का मात्र मी सांभाळू शकणार नाही.

खाली चिंतामणी सांगत होता, "मी म्हटलंच होतं. सिंधी चोर, नाहीतर तो मेकॅनिक चोर. पोलिसात द्या."

रात्री शिवराम ताटावरून तसाच उठला.

"तो नेमकं गटारच का म्हणाला, कळतंय मला," त्याची बायको, द्रौपदी, म्हणाली.

"मला पण कळतंय. पण ते जाऊ दे. नीलिमाला काही झालं असतं तर? आपणच नेलं होतं हेमचंद्रला त्या दुकानात."

सोमवारी कामावरून आल्यावर त्याने सोमाला गाठलं.

"खोकं कुणी उघडलं?"

"उघडंच होतं, साहेब. सुतळी बांधलेली."

"सुतळी? कागदी पट्टी नव्हती?"

"नाही. आईशपथ सुतळी."

"हात का काळे झाले रे तुझे?"

"रंग ओला होता ना. मला वाटलं, गोपालदासने घाईत मारला."

"बुडाला काही कोरलेलं?"

"फडक्याने पुसून बसवले. काय पण नव्हतं."

सोमा रडकुंडीला आला होता. हेमचंद्रने त्याला सगळ्यांसमोर चोर म्हटलं होतं, आणि सकाळपासून दोन गिऱ्हाइकांनी स्कूटर परत नेल्या होत्या.

मग शिवराम कॅम्प पाचला गेला. गोपालदास तर चिडलाच.

"ओला पेंट? साईं, कारखाने का पेंट है, भट्टी में सुखाया. मेरा अक्षर नहीं तो मेरा माल नहीं. तेरे घर में चोर है, मेरे घर में मत ढूंढ."

"पण खोकं तर तुझंच."

"खोका मेरा. अंदर का किसका, तू देख."

मंगळवारी सकाळी द्रौपदी पाणी भरून येताना हेमचंद्रच्या गाडीपाशी थबकली. तिने वर हाक मारली.

"अहो, खाली या. गाडीच्या तेलाला मुंग्या लागतात का हो?"

गाडीच्या पुढच्या चाकांमागे तेलाचे दोन डाग पडले होते. दोन्ही डागांना मुंग्यांची रांग. शिवराम उकिडवा बसला. मुंग्या नुसत्या खात नव्हत्या, काहीतरी उचलून नेत होत्या. राईहून बारीक, पांढरट दाणे.

त्याने बोट बुडवलं, हुंगलं. जळक्या गुळाचा वास. मग त्याने जे केलं ते बघून द्रौपदीने तोंडाला पदर लावला. त्याने बोट जिभेला लावलं.

"शी. अहो, काय करताय?"

शिवराम भिंतीशी जाऊन थुंकला. चूळ भरली, परत थुंकला. खवट, कडवट, गोडसर घाण जिभेवरून जाईना.

द्रौपदीने दोन दाणे नखावर घेतले आणि डोळ्यांशी नेले. "हे तर..."

"रविवारपर्यंत बोलायचं नाही," शिवराम म्हणाला.

"आणि अजून एक. परवापासून ती दुसरी फियाट गेटात नमस्कार करत नाही. तुमच्या लक्षात आलंय का?"

शिवरामने बायकोकडे पाहिलं. मग त्याने रजा टाकली आणि कॅम्प पाचच्या मागच्या गल्लीत गेला, जुने शॉकप कापून, तेल भरून, परत जोडून देतात तिथे. तासाभरात परत आला. येताना तो मध्येच थुंकत होता, मध्येच हसत होता.

रविवारी सोसायटी खाली जमली. शिवराम अर्ध्या चड्डीत, हातात बादली आणि फावडं. चिंतामणीने खुर्ची मागवून घेतली होती. सोमाला मुद्दाम बोलावलं होतं. नीलिमा पहिल्या मजल्याच्या गॅलरीत उशीला टेकून बसली होती, शेजारी हेमचंद्र. एका बाजूला गोपालदास रुमालाने मान पुसत उभा होता.

"चिंतामणीसाहेब," शिवराम म्हणाला, "पैज काय होती, एकदा सांगा. नंतर भानगड नको."

"गोपालदासचे शॉकप ज्या गाडीला, ती गाडी दोनदाच्या वर डुलली तर तुम्ही उपसायचं."

"आणि नाही डुलली तर?"

"तर मी. पण डुलली ना. आख्ख्या जगाने बघितली."

"बरोबर."

शिवराम हेमचंद्रच्या गाडीकडे निघाला. तिच्यापाशी थांबला नाही. पुढे चिंतामणीच्या गाडीपाशी गेला, आणि बंपर दाबून सोडला.

गाडी खाली गेली. वर आली. थांबली.

"ए, माझ्या गाडीला हात लावायचं काम नाही," चिंतामणी उठला.

"सोमा, खाली जा. बुड बघ."

सोमा विजेरी घेऊन गाडीखाली गेला. "आहे, साहेब. दोन्हीला आहे. अक्षर."

गोपालदासनेही वाकून पाहिलं. "मेरा माल," एवढंच तो म्हणाला.

"खोटं आहे," चिंतामणी म्हणाला. "मी पण कधीतरी त्याच्याकडूनच..."

"तुम्ही तर म्हणालात, जुनेच रिपेअर केले."



"मी सांगतो," शिवराम म्हणाला. "साहेबांचे शॉकप गेले. नवे घ्यायचे तर जीव जातो. मागच्या गल्लीत गेले. तिथे म्हणतात, तेल आमचं तर हा भाव, तेल तुमचं तर कमी. साहेब म्हणाले, तेल माझं. घरून डबा नेला. आणखी चार दिडक्या वाचल्या. पण गाडी तशीच नाचायला लागली, वर गळायलाही लागली. शनिवारी हेमचंद्रचं खोकं आयतं घरात आलं. त्याच संध्याकाळी साहेब त्याच गल्लीत गेले. नवे स्वतःच्या गाडीला, स्वतःचे सडके काळे रंगवून खोक्यात. रंग सुकायलाही थांबले नाहीत. पट्टी फाटली म्हणून सुतळी. आणि म्हणूनच पैजेला इतके बिनधास्त उभे राहिले. चहाचे पैसेसुद्धा न काढणारा माणूस पैज कबूल करतो, तेव्हाच मला कळायला हवं होतं."

"पुरावा काय? तेल काय, कुणाचंही असेल."

"मुंग्यांनी दिला. शॉकपच्या तेलाला मुंग्या लागत नाहीत. गुळाच्या तळणीला लागतात. आणि त्या तेलातून त्या खसखस उचलून नेत होत्या. कॅम्प पाचात समोसे तळतात, पकवान तळतात, जिलबी तळतात. गूळ आणि खसखस एका कढईत कुठे पडते?"

बायकांमध्ये कुजबुज सुरू झाली. त्यांना उत्तर पुरुषांच्या आधी कळलं होतं.

शिवरामने वर पाहिलं. "पद्मजावहिनी, तुमचा हरवलेला डबा कसला होता?"

"अनारशाच्या तळणीच्या तेलाचा," पद्मजावहिनी तावातावाने म्हणाल्या. "चांगला पाच किलोचा, गाळायचा राहिला होता. म्हणजे ह्यांनीच..."

आणि मग त्यांचा हात तोंडावर गेला.

"तेलाचा?" पहिल्या मजल्यावरून नीलिमाने विचारलं. आवाज बारीक होता, पण सगळ्यांना ऐकू गेला. "वहिनी, तुम्ही तर साजूक तुपातले म्हणाला होतात. मला डोहाळजेवणाला दिलेत."

कुणीतरी गटाराच्या कडेला थुंकलं. एका म्हाताऱ्याने महिन्यापूर्वी खाल्लेल्या अनारशाच्या आठवणीने पोटावर हात ठेवला. चिंतामणी बायकोकडे बघत होता, बायको चिंतामणीकडे. कुणी कुणाला जास्त फसवलं, याचा हिशोब त्यांचा त्यांनाच लागत नव्हता.

हेमचंद्र खाली आला. चिंतामणीच्या अगदी जवळ उभा राहिला.

"तिला गाडीत बसवलं तेव्हा तुम्ही इथेच उभे होतात," तो म्हणाला. "आत काय आहे, तुम्हाला माहीत होतं."

"मला वाटलं, एक चक्कर तर मारतोय..."

"थांब म्हणाला नाहीत."

हेमचंद्र सोमाकडे वळला. "सोमा, चुकलो. सगळ्यांसमोर म्हणालो होतो, सगळ्यांसमोरच सांगतो. आता त्या गाडीतले माझे काढ, आणि माझ्या गाडीला लाव. उद्या कल्याणला जायचंय."

सोमाने जॅक उचलला.

शिवरामने बादली आणि फावडं चिंतामणीसमोर ठेवलं. त्याला वाटलं होतं, ह्या क्षणाला आपल्याला गुदगुल्या होतील. त्याने आठवडाभर दोन-चार वाक्यंही जुळवून ठेवली होती. आता ती काढावीशी वाटेनात. बाजूला द्रौपदी उभी होती. तिने एकदा चिंतामणीकडे पाहिलं आणि ती घराकडे वळली.

"बघायचं नाही?" शिवरामने विचारलं.

"नाही. कुणालाही गटारात उतरलेलं बघायला मला आवडत नाही. तुम्ही बघा."

चिंतामणीने पँट गुडघ्यापर्यंत दुमडली. सोन्याची अंगठी काढून खिशात टाकली. नाकाला रुमाल बांधला आणि उतरला. काळा गाळ फावड्यावर आला, त्याच्यावर तेलाची पिवळी साय. ओकारी आली तशी त्याने मान वळवली. पाच-सहा बादल्या झाल्या. कुणी हसत नव्हतं. शेवटी तो कपाळ पुसत वर आला.

"झालं," तो म्हणाला.

सगळ्यांनी पहिल्या मजल्याकडे पाहिलं. नीलिमा कठड्याला धरून जरा पुढे झुकली आणि तिने नीट, सावकाश, या टोकापासून त्या टोकापर्यंत गटार पाहून घेतलं.

"कोपरा राहिलाय, काका," ती म्हणाली.

चिंतामणी परत उतरला.