एक्केचाळिसावा चौकोन

चाळीस चौकोन हिरवे आणि एक्केचाळिसावा राखाडी. शलाकाने लोट्याच्या पोटावरच्या पडद्यावर बोट आपटलं, मग दोनदा आपटलं, मग त्याच्या डोक्यावर एक टपली मारली. चौकोन राखाडीच राहिला.

"शलाकाताई, टपलीने श्रेयांक मिळत नाही," लोट्या शांतपणे म्हणाला. "तीन दिवसांत तुम्ही तो चौकोन दोनशे बारा वेळा दाबलात."

लोट्या हा तिचा यंत्रशिक्षक. त्याचं खरं नाव लांबलचक आकड्यांचं होतं, पण गोल पोट आणि आखूड मान पाहून शलाकाने पहिल्याच दिवशी त्याचं बारसं करून टाकलं होतं.

ही गोष्ट अजून तीस वर्षांनी घडायची आहे, तेव्हा थोडं आधीच सांगून ठेवते. त्या काळात कॉलेजच्या बऱ्याच विषयांना परीक्षाच नसेल. तेरा वर्षांची मुलगीसुद्धा आवडीचा पाठ्यक्रम घरबसल्या ऑनलाइन, स्वगतीने (म्हणजे आपल्याला झेपेल त्या वेगाने) शिकू शकेल. तो पुरा झाला की विद्यापीठ तिला एक श्रेयांक देईल (विषय नीट आला, अशी पक्की नोंद). असे श्रेयांक साठत साठत एक दिवस त्यांची पदवी होईल.

शलाकाला पदवीची घाई नव्हती. तिला हा एकच श्रेयांक हवा होता, पण रविवारच्या आत. आणि आज गुरुवार उजाडला होता.

त्याचं असं झालं होतं. माणदेशातल्या त्यांच्या गावाबाहेर, माळावर एक फुगा केंद्र होतं. उंच हवेतली धूळ मोजणारा मोठा फुगा रविवारी तिथून सुटणार होता. सुटेपर्यंत चार जण चार दोऱ्यांनी फुगा धरून ठेवत, आणि केंद्राचा रिवाज कडक होता: ज्याच्याकडे फुगाविद्येचा श्रेयांक, त्याचाच दोरीला हात. चौथी दोरी गेली कित्येक वर्षं शलाकाच्या आजोबांची होती. यंदा त्यांचे हात थरथरायला लागले. ते केंद्रप्रमुख मुल्लाबाईंना म्हणाले, "माझी दोरी नातीला द्या. तोवर तिचा श्रेयांक झाला तर." नाही झाला, तर दोरी दुसऱ्या कुणाकडे जाणार होती. शलाकाला ते सहन होण्यासारखं नव्हतं.

आता शलाका म्हणजे पायाला भिंगरी. जेवायला बसली तरी एक गुडघा उभा, कधी उठून पळेल सांगता येत नाही. मागच्या शुक्रवारी तिने पाठ्यक्रम उघडला आणि सोमवारपर्यंत चाळीसच्या चाळीस धडे उडवले. प्रत्येक धड्याखालच्या प्रश्नांची उत्तरं बरोबर होती. मग श्रेयांकाच्या एक्केचाळिसाव्या चौकोनापाशीच घोडं का अडलं होतं?

गुरुवारी दहा वाजता राखाडी चौकोन आपणहून पिवळा झाला, म्हणजे उघडला.

"एकच प्रश्न आहे," लोट्या म्हणाला. "न ताणणाऱ्या प्लास्टिकचा, तोंड बांधलेला फुगा तीस किलोमीटर उंच पाठवायचा आहे. जमिनीवर तो टम्म भरायचा की ढिला ठेवायचा?"

"टम्म!" शलाका प्रश्न संपायच्या आत म्हणाली. "ढिला फुगा वर कसा जाईल?"

चौकोन पुन्हा राखाडी झाला. त्याच्याबरोबर अकराव्या धड्याचा चौकोनही राखाडी झाला.

"शनिवारी हाच प्रश्न आला होता," लोट्या म्हणाला. "तेव्हा तुम्ही ‘ढिला’ म्हणाला होतात."

"म्हणजे मी नापास?"

"तो शब्द माझ्याकडे नाही. अकरावा धडा पुन्हा करा. तीन दिवसांनी, रविवारी सकाळी सात वाजता, चौकोन परत उघडेल."

"फुगा साडेसातला सुटतो!"

"हो. मला ठाऊक आहे."

शलाका रडत रडतच परसात गेली. आजोबा तिथे दोरीच्या जुन्या लोखंडी आकड्यांना तेल लावत बसले होते.

"यंत्र बिघडलंय!" ती म्हणाली. "स्वगती म्हणतात आणि मलाच थांबवतात. माझी गती अशीच आहे, त्याला मी काय करू?"

"आईने सकाळी दही लावलंय," आजोबा म्हणाले. "तू त्याचं झाकण किती वेळा काढलंस?"

"तीनदा. हलवूनही पाहिलं."

"लागलं?"

"नाही," शलाका पुटपुटली.

"अगं, स्वगती म्हणजे नुसती वाचायची गती नव्हे. डोक्यात मुरायची गती. आपण शिकलेलं बरंचसं चार दिवसांत विसरतो. सगळ्यांचंच तसं होतं, त्यात लाज कसली? पण विसरायला लागल्यावर खटपट करून आठवलं, की ते आधीपेक्षा घट्ट बसतं. म्हणून लोट्या मुद्दाम मधे दिवस जाऊ देतो आणि मग विचारतो. याला अंतराभ्यास म्हणतात (दिवस सोडून सोडून पुन्हा आठवणं)."

"परीक्षा असती तर मी सोमवारीच पास झाले असते."

"मी झालो होतो की!" आजोबा हसले. "आदल्या दिवशी घोकलं, तीन तास लिहिलं, पहिला वर्ग. चार महिन्यांनी नोकरीतला पहिला फुगा भरला. चांगला टम्म. अख्खा गाव बघायला आला होता. फुगा समोरच्या डोंगराइतका उंच गेला आणि फाटला. उपकरण काढायला बाभळीवर चढावं लागलं मला. आणि गुणपत्रिका घरी भिंतीवर, चौकटीत."

शलाकाला रडता रडता हसू आलं.

आजोबांनी फडताळातून गुरांच्या औषधाची मोठी पिचकारी काढली. सुई नसलेली. बोराएवढा छोटा फुगा फुगवून, बांधून तिच्यात टाकला आणि दट्ट्या बसवला. "तोंडावर अंगठा दाब. घट्ट. आता दट्ट्या मागे ओढ."

शलाकाने ओढला. आतला फुगा बोराचा आवळ्याएवढा झाला. तिने दट्ट्या सोडला, फुगा पुन्हा बोर.

"कुणी फुंकलं नाही, तरी कसा वाढला?" तिने पाच-सहा वेळा करून पाहिलं. मग ती थांबली. "दट्ट्या मागे ओढला की फुग्याबाहेरची हवा विरळ होते. तिचा दाब (आजूबाजूची हवा सगळीकडून रेटते तो जोर) कमी होतो. मग आतली हवा पसरते... आजोबा, उंचावरही हवा विरळच असते! म्हणजे फुगा तिथे जाऊन आपला आपण फुगणार. खाली टम्म भरला, तर पसरायला जागाच नाही!"

"आणि ढिला फुगा वर कसा जाईल?"

"हेलियम वायू हवेहून हलका, म्हणून. तो पुरेसा असला की झालं. फुगा गुबगुबीत दिसायची गरज नाही."

अकरावा चौकोन दुपारीच हिरवा झाला. पण मग शुक्रवार आणि शनिवार आले, आणि ते दोन दिवस तिने कसे काढले ते तिचं तिलाच माहीत. अंगणात फेऱ्या मारल्या, शेळीला अकरावा धडा समजावला, लोट्याची मनधरणी केली. तो काही बधला नाही. दह्याचं झाकण मात्र तिने एकदाही काढलं नाही.

रविवारी पावणेसातला ती आजोबांबरोबर माळावर पोचली. लोट्या मागून घरंगळत आला. फुग्याच्या शेंड्याला वायूचा एवढासा गोळा होता आणि खाली सगळं प्लास्टिक लोंबत होतं. मुल्लाबाई पलीकडे वाऱ्याचा वेग पाहत होत्या. वायूच्या नळीपाशी नव्याने लागलेले हणमंतकाका उभे होते.

"लय मऊ दिसतुया ह्यो," हणमंतकाका स्वतःशीच म्हणाले. "पावणं फोटू काढणार. जरा दांडगा दिसू दे की." आणि त्यांनी झडपेला हात घातला.

"काका, बास!" शलाका धावत सुटली. "भरू नका! वर जाऊन फाटेल!"

"आगं पोरी, निम्मा बी भरला न्हाई त्यो."

"निम्मासुद्धा नकोच!" तिने खिशातून पिचकारी काढली, अंगठा दाबला, दट्ट्या ओढला. "बघा. हा आत्ता माळावर. आणि हा वर, आभाळात."

हणमंतकाकांनी बोराचा आवळा होताना पाहिला आणि झडपेवरचा हात चटकन काढला. "आयला! मी फाडलाच असता की."

मुल्लाबाई धापा टाकत आल्या. त्यांनी वायूचा मापक पाहिला. "वायू ठरला होता तेवढाच आहे. थोडक्यात वाचलं रे बाबा."

सात वाजून गेले होते. शलाकाने घाबरून मागे पाहिलं. "लोट्या, सात वाजले! प्रश्न विचार ना!"

"विचारायचा काही उरला नाही, शलाकाताई. आत्ता जे झालं, ते मी विचारलेलं नव्हतं. तुम्हाला ते गरजेच्या वेळी आपणहून आठवलं. नोंद करायला मला तेवढं पुरतं."

त्याच्या पोटावरचा एक्केचाळिसावा चौकोन हिरवा झाला.

आजोबांनी चौथी दोरी तिच्या हातात दिली. जिथे वर्षानुवर्षं त्यांची मूठ होती, तिथे दोरी गुळगुळीत झाली होती. शलाकाने नेमकं तिथेच धरलं. साडेसात व्हायला अजून वेळ होता, पण ती हलली नाही, पाय आपटला नाही, काही विचारलं नाही. मुल्लाबाई "सोडा!" म्हणाल्या आणि चौघांनी एकदम दोऱ्या सोडल्या. फुगा लोंबत, डुलत वर निघाला.

"लोट्या," आजोबांनी हळूच विचारलं, "ही पोर किती वेळ एका जागी उभी होती?"

"एकोणीस मिनिटं. शलाकाताईंना भेटल्यापासूनचा उच्चांक आहे."

दोन तासांनी मुल्लाबाईंनी तिला दुर्बिणीशी बोलावलं. निळ्या आभाळात, फार फार वर, तोच लोंबता फुगा आता गोल गरगरीत होऊन चमकत होता. शलाका बराच वेळ डोळा लावून बसली.

"लोट्या, उंचावरच्या वाऱ्यांचा पाठ्यक्रम किती धड्यांचा आहे?"

"बावन्न. आत्ताच उघडू?"

"उद्या उघड," शलाका म्हणाली. "आज मला हा एवढा बघू दे."