अर्ध्या मिलिमीटरचं निमित्त

स्वीडलच्या आकाशातला चौदावा तारा पाडताना ड्रिलचं बिट कट्कन मोडलं, आणि तिथूनच हे सगळं सुरू झालं.

आकाश म्हणजे निळी रंगवलेली पातळ प्लायवुडची फळी. नाताळच्या देखाव्यातल्या गोठ्यामागे ती उभी करायची, तिला दोनशे बारीक भोकं पाडायची आणि मागे बल्ब लावायचा, असा बेत होता. भोक जरा मोठं झालं की तारा कसला, चाळणीच दिसते. म्हणून बिट हवं अर्ध्या मिलिमीटरचं. आणि वर्तकनगरच्या हार्डवेअरवाल्याने तिच्यापुढे ठेवलं ते करंगळीएवढं जाड. याहून बारीक हवं म्हटल्यावर त्याने उदबत्ती टोचून बघायला सांगितलं. शेवटी कुणीतरी कोपरीतल्या एका घड्याळदुरुस्तीच्या दुकानाचा पत्ता दिला.

दुकानात मितेश बसला होता. आजोबांमागे दुकान त्याच्याकडे आलं होतं, आणि घड्याळांचं काम आटल्यावर त्याने मॉडेल बनवणाऱ्यांसाठी बारीक हत्यारं ठेवायला सुरुवात केली होती. डोळ्याला भिंग लावून त्याने तिचं मोडकं बिट न्याहाळलं... आणि भिंग काढायचं विसरून तसाच तिच्याकडे बघत राहिला. त्याचा एक डोळा बशीएवढा दिसत होता. स्वीडलला हसू आवरेना. इतकं निरखून तिच्याकडे आजवर कुणी पाहिलं नव्हतं, अगदी पासपोर्टच्या ऑफिसातसुद्धा.

"जोर लावलात," तो म्हणाला.

"थोडासा."

"थोडासाही नाही लावायचा. बोटांत धरून नुसतं फिरवायचं. दोन-चार वेढे झाले की बाहेर काढून भुसा फुंकायचा, मग परत आत. घाई केली की मोडणारच ते."

पेनासारख्या हातड्रिलात नवं बिट बसवून त्याने ते कसं धरायचं हे दाखवलं. दाखवताना बोटांना बोटं लागली, आणि ते शिकवण्यातच मोडतं असं दोघांनीही धरून चाललं.

घरी येऊन स्वीडलने सांगितल्याबरहुकूम काम केलं आणि मोठीच पंचाईत झाली. बिट मोडेना. साठ तारे झाले, नव्वद झाले, बिट आपलं ठणठणीत. आता कोपरीला जायचं तरी कोणत्या तोंडाने? शनिवारी सकाळी तिने इकडेतिकडे पाहिलं, पप्पांची पकड घेतली आणि त्या निष्पाप बिटाचे दोन तुकडे केले.

ते तुकडे मितेशने भिंगाखाली बराच वेळ धरले. मग दोन कटिंग चहा मागवले.

त्यानंतर दर शनिवारी हेच. तो पहिल्यापासून शिकवायचा, ती शहाण्यासारखी मान डोलवायची, चहा व्हायचा, गप्पा व्हायच्या, आणि पुढच्या शनिवारी ती आणखी एक बिट गेल्याची बातमी घेऊन हजर. नंतरचे तुकडे ती घरीच एका डबीत टाकायची. बिट आणायला जाताना लिपस्टिक कशाला लागते, हे तिच्या मम्मीने, म्हणजे स्टेलाने, विचारलं नाही. एवढंच म्हणाली, "अगं, भोकं पाडतेस की बोगदा खणतेस?"

सहाव्या शनिवारी मात्र मितेशचा चेहरा गंभीर होता. नाताळ आठवड्यावर आला होता. तो म्हणाला, एवढं शिकवल्यावर कुणाच्याही हातून मोडणार नाही, तेव्हा मालच खराब असणार; सगळा लॉट तो परत पाठवणार आणि ही बिटं ठेवणंच बंद करणार. डीलरला दाखवायला तेवढे मोडके तुकडे तिने उद्या आणून द्यावेत.

स्वीडलने मनात हिशेब केला. बिटं बंद म्हणजे शनिवार बंद. तुकडे द्यावेत तर चोरी उघडी पडणार, न द्यावेत तर मितेश उगाच कुणा गरीब डीलरशी भांडत बसणार. इकडे आड, तिकडे विहीर. रविवारी चर्चमध्ये मिस्सात तिचं लक्ष लागेना. अखेर हे पाप फादरना सांगण्यापेक्षा ज्याचं त्यालाच सांगावं असं ठरवून ती तडक कोपरीला गेली आणि डबी त्याच्या टेबलावर उपडी केली.

"डीलरला काही बोलू नका," ती एका दमात म्हणाली. "पहिलं खरंच मोडलेलं. बाकीची मी मोडली... पकडीने. इथे यायला काही कारण नको का?"

मितेशने भिंग लावलंसुद्धा नाही.

"माहितीये. काम करताना मोडलं की खाचेत भुसा अडकतो. तू दुसरं आणलेलंस ते पकडीत चेपलेलं, आणि आत भुशाचा कणही नव्हता."

त्याने पहिल्यांदाच 'तू' म्हटलं, हे दोघांच्याही लक्षात आलं.

"मग हा लॉट..."

त्याने खण उघडला. रिकामा.

"लॉट नाहीचे. ही साइज तुझ्याशिवाय कुणी मागतच नाही. दर शुक्रवारी मी मुंबईला लोहार चाळीच्या बाजारात जाऊन एक आणायचो."

"एकच?"

"डझन आणली असती तर तू डझन नेली असतीस. मग मी काय करायचं?" तो खणाकडे बघतच बोलला. "नाताळ झाला की तुझं आकाश पुरं होणार. मग तू कशाला येतेस? मला विचारायची हिंमत होत नव्हती, म्हणून लॉटचं पिल्लू सोडलं. आवडतेस तू मला, स्वीडल."

आपल्याला अगदी उल्लू बनवलं याचा तिला आधी राग यायला हवा होता. पण तिला फक्त आनंद झाला, इतका की टेबलावरचे तुकडे डबीत भरताना अर्धे खाली सांडले.

चोवीस तारखेच्या दुपारी मितेश वर्तकनगरला आला. स्टेला स्वयंपाकघरात नाताळच्या फराळाची कलकल तळत होती. एकशे नव्याण्णव तारे झाले होते. शेवटच्यासाठी स्वीडलने हातड्रिल त्याच्या हातात दिलं आणि नीट दिसावं म्हणून ती अगदी जवळ वाकली. तिचे केस त्याच्या गालाला लागले. इतके दिवस जगाला शिकवणाऱ्या त्या माणसाने जोर लावला.

कट्.

"मोडलं का परत?" आतून स्टेलाचा आवाज आला.

"हो मम्मी," स्वीडल म्हणाली. "पण हे खरं मोडलंय."

बिटाचं टोक भोकातच अडकलं होतं. बल्ब लावला तेव्हा सगळं आकाश लुकलुकलं, तेवढा एक तारा काळा राहिला. मितेश कानापर्यंत लाल झाला आणि टोक काढायला चिमटा शोधू लागला. स्वीडलने त्याचा हात धरला.

"घाई करू नकोस," ती म्हणाली. "शनिवारी ये काढायला."