अमोनियाचं नाव

उंटाचं वाळलेलं शेण.

पोत्यात गुंडाळलेली बर्फाची लादी.

गंधकाची वात.

वाळवंटातलं एक देऊळ.

शनिवार.

यांचा एकमेकांशी संबंध काय, हे रूपेशला ठाऊक नव्हतं. शेफालीचं त्यातच फावलं.

परळच्या कॉलेजात ती रसायनशास्त्र शिकवायची, राहायची कफ परेडच्या मच्छीमार नगरात. डिसेंबरात एकदा आई म्हणाली, "म्हावऱ्याला बर्फ सांगून ये गो." बर्फाच्या कारखान्यात अमोनियावर चालणाऱ्या कॉम्प्रेसरवर नवा ऑपरेटर होता, रूपेश. त्याने मान वर केली... आणि ही बर्फ विसरली.

"अमोनियाचा वास येतोय," ती घाईने म्हणाली. "गळती असेल."

रूपेशने गंधकाची वात पेटवून पाइपाच्या एकेका जोडावरून फिरवली. गळती असली की तिथे दाट पांढरा धूर उठतो. कुठेच उठला नाही.

"कायच नाय, टीचर. पण हे अमोनिया नाव ठेवलं कुणी?"

सांगायला पाच मिनिटं पुरली असती. शेफालीने तीन महिने लावले — दर खेपेला एकच तुकडा. आधी कल्हईवाल्याचा नवसागर, ज्यातून अमोनिया निघतो. मग तो उंटाच्या शेणाच्या काजळीतून काढत, ते. मग त्याचं जुनं नाव, 'आमोनचं मीठ'. आमोन हा इजिप्तचा देव, वाळवंटात त्याचं देऊळ...

आणि मालकाने रूपेशला रत्नागिरीच्या कारखान्यावर धाडायचं ठरवलं. शनिवारी निघायचं.

शुक्रवारी ती कारखान्याच्या दारापर्यंत गेली, मागे फिरली, पुन्हा गेली.

"पुरी करा ना गोष्ट. उद्या मी नाय."

"एकच तुकडा उरलाय. तो सांगितला की... मग कशाला येऊ मी इथे?"

रूपेशने वात पेटवली. पाइप सोडून तिच्याभोवतीच फिरवायला लागला.

"काय रे हे?"

"बघतो, गळती कुठंय."

"गंधक नाकात जातंय, मूर्खा!" ती ठसकली, हसली, डोळे पुसले. "आमोन म्हणजे... दडून राहिलेला. बस. संपलं."

वात त्याच्या हातात तशीच जळत राहिली.

"आता?" त्याने विचारलं.

"आता... जायच्या आधी आईला भेटून जा. माझ्या."

"आणि काय सांगू?"

"तेही मीच शिकवू?"

त्याने वात पाण्यात विझवली, हात धुतले, दोनदा धुतले, आणि तिच्यामागोमाग निघाला.

डिसेंबरातल्या त्या दिवशी शेफालीला सर्दी होती. नाक पार चोंदलेलं होतं.