दुग्धपरवाना

त्या वर्षी करंजखाडीच्या आरोग्य केंद्रात बाळंतिणीला दोन कागद मिळत. एक बाळाचा जन्मदाखला, दुसरा दुग्धपरवाना. पहिला नसला तर मूल कागदोपत्री जन्मलेलंच नसे. दुसरा नसला तर त्याला आईच्या अंगावर पाजता येत नसे. परवाना नाकारलेल्या बायकांनी आपलं दूध लाल झाकणाच्या डब्यात काढून धोकादायक कचऱ्याच्या गाडीत द्यायचं, असा नियम होता. गाडी मंगळवारी आणि शुक्रवारी यायची, आणि वेळेवर यायची. सरकारची वेळेवर येणारी तेवढी एकच गोष्ट गावाला ठाऊक होती.

परवाना साठांकावर अवलंबून असे. साठांक म्हणजे शरीराच्या चरबीत किती विष साठलं आहे त्याचा आकडा. वीसपर्यंत मुभा, पुढे लाल डबा. हे विष ज्या कारखान्यांनी खाडीत सोडलं ते बंद पडून तीस वर्षं झाली होती. मालक गेले, कामगार गेले, विष मात्र इमानदारीने थांबलं होतं.

केंद्राच्या प्रमुख डॉ. मृण्मयी खरवंडीकर मूळच्या डॉल्फिनच्या अभ्यासक. बावीस वर्षं त्यांनी खाडीतल्या डॉल्फिनची चरबी तपासली. डॉल्फिन संपले तेव्हा खात्याने त्यांची बदली बायकांकडे केली. यंत्र तेच राहिलं, वरचं लेबल बदललं.

स्वरा पहिल्या बाळंतपणासाठी पुण्याहून माहेरी आली तेव्हा आठव्या महिन्यात तिचा साठांक अठरा निघाला. पुण्याच्या पाण्याला कोणी प्रथमच चांगलं म्हणालं. आपण बाळाला पाजणार, हे तिने त्याच दिवशी नवऱ्याला फोन करून सांगितलं. दुसरं काहीच तिला नको होतं. तिची आई प्रणाली तांडेल साठीला आलेली. प्रणाली हे नाव एव्हाना आजीबाईंचंच झालं होतं.

बाळंतिणीला दूध उतरावं म्हणून आधीपासूनच मोरीचं, म्हणजे लहान शार्क माशाचं, कालवण द्यायचं ही कोळीवाड्याची जुनी रीत. खाडीची मोरी खाऊ नये, असा सरकारी फलक बाजारात होता. कोळणी त्याला ताडपत्री बांधून सावलीत मोरी विकत. प्रणालीबाईंनी पाच आठवडे रोज मोरी आणली. स्वतः निवडून, ताजी. पोर वाडग्यातला शेवटचा घोट पिईपर्यंत त्या समोरून उठत नसत.

मुलगी झाली, तीन किलोची. दुसऱ्या दिवशी सकाळी दूध तपासलं. एकतीस.

प्रणालीबाई थेट डॉक्टरांच्या खोलीत गेल्या. मागून स्वरा, भिंत धरून. प्रणालीबाईंचं म्हणणं असं, की यंत्र बिघडलंय. इथल्या बीपीच्या यंत्राचा तर दर वेळेला वेगळा आकडा येतो. डॉक्टरांनी कागद घेतला आणि त्यावर एक शिडी काढली. हे विष पाण्यात विरघळत नाही, चरबीत मुरतं. लघवीतून जात नाही, घामातून जात नाही. पाण्यातल्या शेवाळात ते कणभर असतं. जवळा आयुष्यभर शेवाळ खातो, मांदेली शेकडो जवळे खाते, बोंबील शेकडो मांदेल्या. प्रत्येक जण खालच्या सगळ्यांचं विष आपल्याकडे ठेवून घेतो. मोरीपर्यंत पोचताना त्या कणाचे लाख कण झालेले असतात.

"वरती मानूस," प्रणालीबाई म्हणाल्या. "ठावं हाय मना."

"माणूस नाही, मावशी. त्याच्यावर अजून एक पायरी आहे. अंगावर पिणारं मूल."

मग डॉक्टरांना वाटलं, दिलासा द्यावा. शास्त्रज्ञांना दिलासा देताना उदाहरण द्यायची खोड असते. त्या म्हणाल्या, विषाला बाहेर पडायला बाईच्या शरीरात एकच मोठं दार आहे, दूध. सहा महिने पंपाने काढून टाकलं की साठांक खाली येईल, पुढच्या मुलाला खुशाल पाजा. डॉल्फिनमध्ये हेच दिसायचं. मादी आपला साठा पहिल्या पिल्लात रिकामा करायची. ते बहुधा जगायचं नाही, पण नंतरची धडधाकट निघायची.

प्रणालीबाई शिडीकडे बघत राहिल्या.

"ते पयलं पिल्लू," त्यांनी विचारलं, "किती जगायचं?"

आपण काय बोलून बसलो ते डॉक्टरांना उशिरा कळलं. प्रणालीबाईंच्या घरात भिंतीवर एका तान्ह्या मुलाचा हार घातलेला फोटो होता, हे त्या खोलीत मायलेकींनाच माहीत होतं. स्वराचा दादा. नऊ महिन्यांचा असताना तापाने गेला, असं तिला लहानपणापासून सांगितलेलं.

"ताप नव्हता त्याला," प्रणालीबाई डॉक्टरांना म्हणाल्या. "मान धरायचा नाय. पाय उचलायचा नाय. सासू म्हनाली, दूध कमी पडतं, मोरी वाढव. मी वाढवली. सगल्या कोलीवाड्यात माझ्या दुधाचं नाव होतं."

"तेव्हा मोजायची सोय नव्हती, मावशी."

"मोजायचं कुठं इचारलं मी?"

डॉक्टरांनी पेनाला टोपण लावलं. पंचवीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी तीनशे चौदा अहवाल लिहिले होते, आणि त्यातला एकही इथे वाचून दाखवण्यासारखा नव्हता.

"आणि मला, आये?" स्वराने विचारलं. "मलाही पाजलंस?"

"दोन वर्सं. तुला काय बी झालं नाय." हे त्या अशा आवाजात म्हणाल्या, जणू आरोपच कबूल करत होत्या.

आईच्या अंगावरचं चांगलं दूध आपल्या वाट्याला कसं आलं, ते डॉक्टरांच्या डॉल्फिनने स्वराला सांगून झालं होतं.

दुपारी नर्सने पंप आणला. स्वराने तो स्वतःच लावून घेतला. आता ती आपल्या दुसऱ्या, अजून न झालेल्या मुलासाठी दूध स्वच्छ करत होती. ज्या मुलीसाठी ते उतरलं होतं, ती हातभर अंतरावर आजीच्या मांडीवर होती. प्रणालीबाईंनी बोंडल्यात पावडरचं दूध कालवून तिच्या ओठांशी नेलं. मुलीने ते जिभेने ढकललं. पंपात थेंब पडायला लागले तसा दुधाचा वास खोलीभर झाला, आणि दीड दिवसाच्या त्या पोरीने, जिला अजून डोळे नीट उघडता येत नव्हते, मान वळवून तोंड उघडलं.

मान तिने सहज वळवली होती.

प्रणालीबाई उठल्या, आणि नातीला पंपापासून फिरवून, तिचं तोंड भिंतीकडे करून बसल्या.